हापशीवाली बंदूक

खंडेनवमीला आपल्या वर्कशॉपमध्ये काय थाट असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. लेथ मशीनला झेंडूची माळ, ड्रिलिंग मशीनला हळदकुंकू, सरांच्या हस्ते नारळ आणि मग प्रत्येकाच्या हातावर एक पेढा. यंदा आमच्या बॅचमधला एक जण उत्साहाच्या भरात सगळ्यात जुन्या लेथच्या पितळी नेमप्लेटवर पॉलिश पेपर मारायला निघाला. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. इतक्या जोरात, की तो म्हणाला, "अरे, लेथ मशीन तुझ्या बापाचं आहे का?"

बापाचं नाही. पण तशीच एक चूक मी आजोबांच्या वस्तूवर एकदा केली आहे. ती काय, आणि तिची किंमत किती, हे सांगण्यासाठी हा लेख. आधीच सांगतो, माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठी निबंधात दहापैकी सहाच्या वर मी कधी गेलो नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं, आणि यंत्राचं काही चुकलं तर ते मात्र माझ्या नावावर टाकावं.

आजोळची हापशी

माझं घर मुरबाड तालुक्यात आणि आजोळ शहापूर तालुक्यात, माहुलीच्या डोंगराखाली. मे महिन्याची सुट्टी लागली की आई आम्हाला घेऊन सरळगावला यायची आणि तिथून किन्हवलीमार्गे शहापूरची एसटी. आजोळच्या माजघरात, देवाच्या कोनाड्याशेजारी कुलूपबंद लाकडी कपाट होतं. त्यात आजोबांची बंदूक.

बंदूक म्हणजे शिकारीचा शौक वगैरे काही नाही हं. परवाना शेतीच्या रक्षणाचा. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत अख्खं खाचर लोळवून जायची. मग आजोबा बांधावर जाऊन एक बार काढायचे. तोही हवेत. गावात आणखी एक-दोघांकडे बंदुका होत्या, पण त्या ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजाने ठासायचं. पावसात हे सगळं करेपर्यंत डुक्कर घरी जाऊन झोपलेलं असायचं!

आजोबांची बंदूक तशी नव्हती. चापाच्या मागे, दस्त्याच्या खालून एक लांब लोखंडी दांडा गेला होता. तो खाली ओढला की 'खट्' करून वरचा ठोकळा बसायचा आणि काडतूस घालायची जागा उघडी पडायची. दांडा वर घेतला की पुन्हा बंद. मला ते थेट गावच्या बोअरिंगच्या हापशीसारखं वाटायचं. म्हणून आम्ही सगळी भावंडं तिला हापशीच म्हणायचो. "आजोबा, हापशी दाखवा ना!" असा लकडा लावला की ते आधी ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घ्यायचे आणि मग एकदाच, फक्त एकदाच दांडा हलवून दाखवायचे.

पुढे सेकंड इयरला थिअरी ऑफ मशीन्सच्या तासाला लिंक, पिव्हट आणि बेलक्रँक शिकताना माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती हापशी यायची. लायब्ररीत शोधलं, आकृत्या पाहिल्या आणि एका पानावर ती सापडली. मार्टिनी-हेन्री. ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारलेली रायफल. आमच्या आजोबांचं डुकरं हाकलायचं यंत्र मूळचं राणी व्हिक्टोरियाच्या पलटणीचं होतं!

यंत्र कसं चालतं

ज्यांना यंत्रात रस नाही त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं. मेकॅनिकलवाल्यांनी सोडू नये, व्हायवाला उपयोगी पडेल.

या रायफलचे जनक दोन नाहीत, तीन आहेत. ठोकळा खाली पाडून नळीचं मागचं तोंड उघडायची मूळ कल्पना अमेरिकेतल्या हेन्री पीबडीची, पेटंट १८६२ चं. पण त्याच्या बंदुकीला बाहेरून घोडा होता, तो दर वेळी वेगळा ओढावा लागे. स्वित्झर्लंडमध्ये कारखाना असलेल्या फ्रीडरिक फॉन मार्टिनीने घोडा काढून टाकला आणि त्या जागी ठोकळ्याच्याच पोटात स्प्रिंग आणि स्ट्रायकर बसवला. नळीतले आटे एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीचे. सात आटे, बावीस इंचांत एक फेरा. म्हणून नाव मार्टिनी-हेन्री. त्यातला हेन्री हा आटेवाला, पीबडी बिचारा नावातून गळलाच. (ग्रुप प्रोजेक्टमध्ये असं होतंच!)

आता हालचाल पाहू. ठोकळा मागच्या टोकाला एका आडव्या पिनवर टांगलेला असतो. दांडा खाली ओढला की एकाच झटक्यात तीन कामं होतात. ठोकळ्याचं पुढचं टोक खाली पडतं, स्ट्रायकर मागे ओढला जाऊन स्प्रिंग दाबली जाते, आणि पडता पडता ठोकळा एका बेलक्रँकवर आपटतो, तो रिकामं काडतूस मागे फेकतो. ठोकळ्याच्या पाठीवर पन्हळ असते, नवं काडतूस तिच्यावरून आत सरकवायचं. दांडा वर घेतला की झालं. उजव्या बाजूला थेंबाच्या आकाराचा एक छोटा काटा असतो, तो तिरपा असेल तर बंदूक चढलेली आहे असं समजायचं. अंधारात बोटानेही कळतं.

मला सगळ्यात आवडली ती गोष्ट वेगळीच आहे. बार निघाला की मागच्या दिशेने प्रचंड दाब येतो. तो त्या बारीक पिनवर आला तर पिन तुटेल. म्हणून ठोकळ्याचं मागचं टोक गोलाकार केलंय, आणि ते पेटीच्या मागच्या भिंतीत तशाच खोबणीत टेकतं. दाब भिंतीवर जातो, पिन नुसती जागा धरून ठेवते. भार कोणी घ्यायचा आणि दिशा कोणी दाखवायची याची अशी वाटणी आपल्या हॉस्टेल कमिटीलाही जमली पाहिजे.

थोडं गणित करू. गोळी सुमारे ३१ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण ४१० मीटर. म्हणजे ऊर्जा २,६०० ज्यूलच्या आसपास. संवेग १२.७, आणि रायफलचं वजन सुमारे ३.९ किलो. दारूच्या वायूचा हिशोब सोडला तरी रायफल सेकंदाला ३.३ मीटरच्या वेगाने खांद्यावर येते. नंतरच्या थ्री-नॉट-थ्रीची मार्क सात गोळी ११.३ ग्रॅमची, वेग ७४४ मीटर. तिथे हाच आकडा २.१ येतो. गोळी हलकी आणि वेगवान केली, तर समोरच्याला तेवढंच लागतं पण आपला खांदा वाचतो. मार्टिनीचे शिपाई खांदा निळा पडल्याची तक्रार करायचे ती उगाच नाही.

दोषही सांगायला हवा. सुरुवातीची काडतुसं पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली, बुडाला लोखंडी चकती. नळी तापली, काळ्या दारूची काजळी साचली, वाळू गेली, की पत्रा आत चिकटायचा. दांडा ओढला की चकती निघून यायची आणि पत्रा आतच! सुदानमध्ये अबू क्लीच्या लढाईत, जानेवारी १८८५ मध्ये, ऐन हातघाईत बंदुका अडकल्या. मग पुढच्या मार्क चार नमुन्यात दांडाच लांब केला. भुजा वाढली, तेवढ्याच जोरात जास्त ओढ मिळाली. पहिल्या वर्षी शिकलेला तरफेचा नियम, दुसरं काय!

विंचेस्टर ही वेगळी

इथे एक गोंधळ दूर करतो. हॉलिवूडच्या काउबॉयच्या हातात दिसते तीही दांड्याचीच रायफल, पण जात वेगळी. मार्टिनी एकबारी आहे, दर वेळी काडतूस हाताने घालावं लागतं. विंचेस्टर बहुबारी आहे. नळीखाली दुसरी नळी असते, तिच्यात काडतुसांची रांग, आणि दांड्याच्या एका हालचालीत रिकामं बाहेर आणि भरलेलं आत.

मग सगळ्या सैन्यांनी विंचेस्टरच का घेतली नाही? तुर्कस्तानने घेतली होती, आणि जुलै १८७७ मध्ये प्लेवनाच्या वेढ्यात तिने रशियनांची दाणादाण उडवली. पण अडचणी दोन. जमिनीवर पालथं पडून गोळीबार करताना दांडा खाली ओढायला जागा मिळत नाही. दुसरं म्हणजे टोकदार गोळ्या आल्यावर रांगेतल्या मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकायचं. धक्क्याने आतच बार व्हायचा! जॉन ब्राउनिंगने १८९५ च्या नमुन्यात रांगेऐवजी चापापुढे पेटी बसवली, आणि पहिल्या महायुद्धात रशियाने तशा जवळजवळ तीन लाख रायफली मागवल्या. पण तोवर हाताने मागेपुढे सरकवायच्या बोल्टचं राज्य आलं होतं. म्हणून लष्करी दांड्याच्या रायफली जगात मुळातच कमी, आणि म्हणूनच संग्राहक त्यांच्यामागे वेडे.

आपल्या शिपायाच्या हातात काय होतं

आता जरा गंभीर होतो. 'केसरी' सिनेमा २०१९ मध्ये आला. आमच्या विंगमध्ये तो एका लॅपटॉपवर चौदा जणांनी पाहिला आहे. १२ सप्टेंबर १८९७, सारागढी, एकवीस शीख शिपाई विरुद्ध हजारो पठाण. त्या एकवीस जणांकडे होती मार्टिनी-हेन्री. एक बार, दांडा खाली, नवं काडतूस, दांडा वर.

आता ही तारीख जरा पुन्हा बघा. ब्रिटिश सैन्याने ली-मेटफोर्ड ही पेटीवाली रायफल १८८८ साली स्वीकारली होती. त्याच सरहद्दीवर त्या काळात गोऱ्या पलटणींच्या हातात ती होती. आपल्या पलटणींना मात्र त्यांनी टाकून दिलेली मार्टिनी.

हा योगायोग नव्हता, ती पद्धतच होती. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी एन्फील्ड रायफलीच्या नळीतले आटे काढून ती आतून गुळगुळीत केली आणि तसला खास नमुना हिंदी पलटणींना दिला. बाहेरून दिसायला रायफल, आतून साधी बंदूक. लांबचा नेम लागू नये एवढाच हेतू. पुढे गोऱ्यांना मार्टिनी मिळाली तेव्हा हिंदी शिपायांना स्नायडर मिळाली. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला लढाई झाली. तिथे गोऱ्या ६६व्या पलटणीकडे मार्टिनी होती, आणि आपल्या मुंबई इलाख्याच्या सैन्यातल्या दोन पायदळ पलटणींकडे, मुंबई ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्सकडे, स्नायडर. शत्रू एकच, ऊन एकच, पण हत्यारात एका पिढीचं अंतर. इंग्रजांच्या बाजूच्या सुमारे अडीच हजार माणसांपैकी साडेनऊशेहून जास्त त्या दिवशी मेली.

हीच तऱ्हा पोलिसांच्या बाबतीत. इशापूरच्या कारखान्यात थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या नळ्या गुळगुळीत करून चारशे दहा बोअरच्या एकबारी बंदुका बनवल्या गेल्या. काडतुसांची पेटी बसते त्या जागेत लाकडाचा ठोकळा ठोकला, की शिपायाने एका वेळी एकच गोळी घालावी! हे वाचलं तेव्हा मला आजोबांच्या हापशीची नळी आठवली. तीही आतून गुळगुळीत होती. आटे नव्हतेच.

सरकारने आपल्या माणसावर किती विश्वास ठेवला, हे जाहीरनाम्यात नाही दिसत. ते नळीत डोकावलं की दिसतं. जुन्या रायफली जमवण्याचं खरं कारण माझ्या मते हेच आहे.

संग्राहक काय वाचतात

जगातला या विषयातला सगळ्यात मोठा खजिना आपल्या शेजारी सापडला. नेपाळमध्ये. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात, म्हणजे जुन्या शस्त्रागारात, पन्नास हजारांवर जुन्या बंदुका धूळ खात पडल्या होत्या. २००३ मध्ये त्या अमेरिकेतल्या इंटरनॅशनल मिलिटरी अँटिक्स आणि अटलांटा कटलरी या व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या आणि बोटीने नेल्या. त्यात मार्टिनी-हेन्री ढिगांनी होत्याच, पण 'गहेंद्र' नावाची रायफलही होती. ती नेपाळच्याच गहेंद्र शमशेर राणा या सेनापतीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार्टिनीच्या धर्तीवर तयार करवली. बनावट हाताची, कानशीने जुळवलेली. त्यामुळे एकीचा भाग दुसरीला बसेलच याची खात्री नाही. आणि गंमत म्हणजे नेपाळच्या बंदुकांवरचे आकडे आणि पलटणींची नावं देवनागरीत, सालं विक्रम संवतातली! अमेरिकेतले संग्राहक त्यासाठी एक, दोन, तीन शिकतात आणि सालातून सत्तावन वजा करतात. आपल्याला जे पहिलीत फुकट मिळालं ते हे लोक पन्नाशीत शिकतात.

मार्टिनीवर वाचायचं ते सगळं उजव्या बाजूला असतं. वर मुकुट, खाली व्ही. आर., म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना. मग कारखान्याचं नाव, एन्फील्ड किंवा बी.एस.ए. किंवा आणखी कुठलं. मग साल, मग मार्कचा रोमन आकडा. सरकारी मालाचा बाण असतो. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ती सैन्यातून रीतसर विकून टाकलेली. एवढ्या दोन इंच जागेत बंदुकीचा जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला दोन्ही!

म्हणूनच नकली मालही इथेच पकडला जातो. खैबर खिंडीच्या बाजूला, दर्रा आदमखेलला, पिढ्यान् पिढ्या लोक साध्या हत्यारांनी बंदुकांच्या नकला बनवतात. मार्टिनीच्या तर असंख्य. पण ठसा मारणाऱ्याला इंग्रजी येत नसे. मग 'एन' उलटा पडतो, एन्फील्डचं स्पेलिंग चुकतं. आणि कहर म्हणजे व्ही. आर. खाली १९१० सालच्या पुढची सालं! राणी व्हिक्टोरिया वारली २२ जानेवारी १९०१ ला. त्यानंतर तिच्या नावाचा ठसा मारायला ती काय स्वर्गातून ऑर्डर देणार? अफगाणिस्तानात गेलेल्या परदेशी सैनिकांनी अशा नकला आठवण म्हणून विकत घेतल्या आणि घरी जाऊन ठसे वाचल्यावर कपाळावर हात मारला.

सालाला तर कायद्यानेही किंमत आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक 'अँटिक' धरली जाते, त्यानंतरची नाही. एका आकड्याच्या फरकाने कागदपत्रांचा सगळा खेळ बदलतो.

संग्राहकांचा पहिला नियम अगदी साधा आहे. घासू नका. लोखंडावर जो काळपट-तपकिरी थर चढतो तो म्हणजे घाण नव्हे. गंज वाढत असेल तर तेलाचं फडकं फिरवा, कोरडं ठेवा. पण पॉलिश पेपर, कानस, वायर ब्रश यांना हात लावू नका. चकाकणारी जुनी बंदूक म्हणजे अर्धी किंमत गेलेली बंदूक.

आपला कायदा

कोणी म्हणेल, मग आपण पण जमवू या. थांबा! आपल्याकडचा कायदा वेगळा आहे आणि त्याला इतिहास आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली, शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला हत्यारासाठी परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड उभारलं ते अशा निःशस्त्र केलेल्या मुलखात. माझ्या मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले, तेव्हाही तोच कायदा चालू होता. दर वर्षी २ जानेवारीला आमच्याकडची माणसं सिद्धगडावर जातात. मी दोनदा गेलो आहे. त्या जंगलात उभं राहिलं की हत्याराकडे नुसती शौकाची वस्तू म्हणून बघता येत नाही, एवढं खरं.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यातही परवाना लागतोच. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तिनावरून दोनावर आणली. मात्र कलम ४५ मध्ये एक सूट आहे. जुन्या, कालबाह्य नमुन्याचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार, जे दुरुस्त करूनही चालणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. 'दुरुस्त करूनही' हे शब्द नीट वाचा. नुसती गंजलेली आहे म्हणून सूट मिळत नाही. शिवाय शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुराणवस्तू कायदा आहे, त्या खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. नेपाळसारखी बोट आपल्याकडून निघणार नाही, हे मला बरंच वाटतं.

तेव्हा घराच्या माळ्यावर पणजोबांचं काही सापडलं तर लपवू नका आणि भंगारातही घालू नका. पोलीस ठाण्यात कळवा आणि रीतसर विचारा.

मी काय केलं

आता कबुली. मी आठवीत होतो. दसऱ्याच्या सुट्टीत आजोळी गेलो होतो. खंडेनवमीला आजोबा कोयता, विळा, नांगराचा फाळ आणि बंदूक अशी सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा करायचे. आदल्या दिवशी त्यांनी फाळ घासायला मला पॉलिश पेपर दिला. फाळ झाला, कोयता झाला. आजोबा खाचराकडे गेले होते. हापशी मामाने तेल लावायला म्हणून बाहेर काढून ठेवली होती आणि तो शेजाऱ्याशी बोलत उभा होता. मला वाटलं, आजोबांना सरप्राईज देऊ.

उजव्या बाजूला काहीतरी काळं काळं, खडबडीत होतं. एक मुकुट, दोन अक्षरं, काही आकडे. मी ती घाण समजून घासली. चांगला अर्धा तास घासली. आरशासारखी चमकायला लागली तेव्हाच थांबलो.

आजोबा आले. बंदूक हातात घेऊन त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळा, तिला मुकी केलीस रे." मग दुसऱ्या दिवशी तशीच पूजा केली, झेंडूचं फूल वाहिलं. मला तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. मला वाटलं, दांड्याचा खट् आवाज बंद झाला की काय! मी तो हलवून पाहायला मागितला, तर त्यांनी हसून हलवून दाखवला. खट्.

आजोबा गेले तेव्हा मी दहावीत होतो. परवाना त्यांच्या नावाचा होता, म्हणून मामाने बंदूक पोलिसांकडे जमा केली. वारसाला नवा परवाना लागतो. त्याचा अर्ज केला आहे, तो कुठल्यातरी टेबलावर आहे. पावती आजोबांच्या पोथीत ठेवली आहे. त्या पावतीवर लिहिलंय, 'एकनळी बंदूक, जुनी, १ नग.' बस. कुठल्या कारखान्याची, कुठल्या सालची, कुठल्या पलटणीतून निघून कोणाकोणाच्या हातून माहुलीच्या पायथ्याला आली, ते सांगणारी दोन इंच जागा मी स्वतः घासून काढली आहे. मला त्यातलं मुकुट, व्ही. आर. आणि 'एक-आठ' एवढंच आठवतं. पुढचे दोन आकडे कितीही डोळे मिटले तरी दिसत नाहीत.

गेल्या मे महिन्यात मी आजीला विचारलं, ही बंदूक आपल्याकडे आली कुठून? ती म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा होतीच. हे आजोबांनाच विचारायचं होतंस ना." म्हणजे सांगणारा माणूस गेला, आणि सांगणारं लोखंड मी पुसलं.

संग्रह असाही करता येतो

मी आता एक वही केली आहे. बंदूक नाही जमवत, ठसे जमवतो. वहीत चार रकाने आहेत. वस्तू, ठसा जसा दिसतो तसा काढलेला, मापं, आणि ती वस्तू कोणाकडून कशी आली याबद्दल घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं. पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल हलकेच तिरपी फिरवली की ठसा कागदावर उतरतो. वस्तूला काही होत नाही. यात आत्तापर्यंत एक जुनं शिवणयंत्र आहे, भातगिरणीच्या डिझेल इंजिनची प्लेट आहे, आजीचा पितळी हंडा आहे आणि आपल्या वर्कशॉपचं ते लेथ मशीनही आहे. हत्यारं बघायची तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून वस्तू जमवल्या आणि तो सगळा संग्रह शेवटी शासनाला देऊन टाकला. जमवायचं ते दाखवण्यासाठी, हा धडा तिथून घ्यावा.

आणि हो, एक आशा आहे. नळीच्या खालच्या बाजूला, पुढच्या लाकडाच्या आत, चाचणीचे आणखी ठसे असतात असं मी वाचलं. तिथे माझा पॉलिश पेपर पोचला नव्हता. मामाला परवाना मिळाला की परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून ते लाकूड उतरवून घ्यायचं, असं आमचं ठरलं आहे. मी कागद आणि पेन्सिल घेऊन शेजारी बसणार आहे.

तोवर पुढच्या खंडेनवमीला एवढं करा. मशीनला हार घाला, हळदकुंकू वाहा, नारळ फोडा. पण नेमप्लेटवर नुसतं कोरडं फडकं फिरवा. आणि सुट्टीत घरी गेलात की आजोबांना ते प्रश्न विचारून घ्या.